ज्वारीचं डोहाळजेवण

शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५. मार्गशीर्ष अमावास्या. अंबाजोगाईहून लातूरकडे जाणारा रस्ता सकाळी आठलाच भरलाय, आणि बर्दापूरच्या अलीकडे एकेक वाहन डांबर सोडून पाणंदीला लागतंय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंज्या, पाण्याचे जार आणि मधोमध गुडघे जवळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या. मोटारसायकलच्या टाकीवर पोरगं, मागे त्याची आई, आईच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेलं पातेलं. पुण्याच्या नंबरची एक पांढरी गाडी पाणंदीच्या तोंडाशी थबकलीय. आत घालावी की इथंच लावावी, यावर नवरा-बायकोचं चाललंय. पाणंदीची दशा बघता बायकोचं बरोबर आहे.

आज येळवस. पंचांगात वेळ अमावस्या, शेजारच्या कर्नाटकात एळ्ळ अमावास्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा दिवाळीच्या तोलाचा सण. लातूरचे जिल्हाधिकारी त्यासाठी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. बीड जिल्ह्यात मात्र तो पूर्वेच्या कडेला, अंबाजोगाई-परळीकडच्या रानांत. आष्टी-पाटोद्याकडे त्याचं फारसं नाव निघत नाही. जिल्हा एकच, पण तिकडचं तोंड नगरकडे आणि इकडचं लातूर-बिदरकडे. पंधरवड्यापूर्वीच अंबाजोगाईत योगेश्वरीचा मार्गशीर्षी उत्सव पौर्णिमेला संपला. देवीचं झालं, आता रानाचं.

पाणंद अजून सप्टेंबरमधून बाहेर आलेली नाही. त्या महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात मांजरा आणि सिंदफणा पात्र सोडून शेतांत शिरल्या. इथं नदी लांब आहे, पण ओढ्यानं बांध फोडलाय आणि फुटलेल्या जागेवरून काळ्या मातीची जीभ थेट हरभऱ्यात गेलीय. तेव्हा पडलेले ट्रॅक्टरचे चर आता वाळून टणक झालेत. त्या चरांमधून एक बाई डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन चाललीय. बिंदगी मातीची, चुन्याचे पांढरे आणि कावेचे तांबडे पट्टे ओढलेली, तोंडाशी फडकं. पायाखाली बघायची तिला गरज नाही. मागून येणारे आम्ही सगळे मात्र खाली बघत चाललोय.

ज्यांच्या रानात मी आलोय त्यांची आठ एकर काळी जमीन. खरिपातलं सोयाबीन पाण्यात गेलं. आता साडेपाच एकर हरभरा, दोन एकर गहू आणि बाभळीच्या बांधाला लागून अर्धा एकर ज्वारी. घरच्या मालकांना सगळे दादा म्हणतात, त्यांच्या आईला काकू. काकू सत्तरीच्या पुढच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, आवाज त्याहून घट्ट.

"बसू नका, आधी कोप होऊ द्या," त्या आल्याआल्या सांगतात.

ज्वारीच्या कडेला कोप उभी राहतेय. कडब्याच्या पाच पेंढ्या, बुडखे जमिनीवर, शेंडे वर एकत्र बांधलेले, पुढं दारापुरती फट. काम साधं दिसतं, पण दादांचा अकरावीतला पोरगा तीनदा बांधतो आणि तीनदा कोप एका अंगाला कलते. शेवटी त्याचे चुलते येतात, पेंढ्या फाकवून घेर मोठा करतात आणि वर सुतळीऐवजी कडब्याचीच वेठ मारतात. उभी राहिली. या पेंढ्या घरच्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात रचलेली कडब्याची बनीम पावसात भिजली, आतून तापली आणि काळी पडली. जनावरंसुद्धा तोंड लावीनात. म्हणून दादांनी सोयऱ्यांकडून पंधरा पेंढ्या मागून आणल्या. पाच कोपीला, दहा बैलांना. पलीकडच्या रानात तेवढंही जमलेलं नाही. तिथं चार उसांना हिरवं शेडनेट गुंडाळून कोप केलीय. काकू तिकडं बघतात आणि काहीच बोलत नाहीत. हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडत असावं.

बांधावरचे पाच दगड धुऊन, चुन्यानं रंगवून आत मांडले जातात. हे पाच पांडव. त्यांच्यापुढं लक्ष्मी, तिच्यासाठी खण, नारळ, हळदकुंकू, ओटीचे गहू. वरून कोपीवर एक शाल पांघरतात. नैवेद्याच्या ताटात आजच्या रानाचं सगळं येतं: हरभऱ्याचा डहाळा, गाजर, बोरं, उसाचं कांडं, तुरीच्या शेंगा आणि ज्वारीचं एक ताट, मुळासकट उपटलेलं.

ज्वारीच्या त्या ताटाकडं बघूनच मला विचारायचं ते सुचतं. येळवस हे ज्वारीचं डोहाळजेवण, असं इथं मानतात. रब्बीची ज्वारी ऑक्टोबरच्या मध्यावर पेरली तर अमावास्येच्या सुमाराला ती पोटरीत येते. कणीस अजून पानाच्या आवरणात असतं, वरून दिसत नाही, पण ताट तेवढ्या जागी फुगलेलं असतं. बोटांनी दाबून बघितलं तर कळतं. म्हणून तिला चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, तिची ओटी भरायची. पण यंदाची ही ज्वारी जेमतेम मांडीला लागतेय. दसरा गेला, दिवाळी आली तरी रानात वापसा नव्हता; पाय ठेवला की घोट्यापर्यंत जायचा. पाभर चालली ती नोव्हेंबर उजाडल्यावर. त्यात अमावास्या यंदा लवकर आली. मी एक ताट दाबून बघतो. सपाट. पोटरीला अजून दोन-तीन आठवडे तरी आहेत.

"काकू, पोटरीच आली नाही. मग डोहाळजेवण कसलं?"

"माहेरी आलेल्या लेकीला काय महिना इचारून जेवू घालतेत का?"

पोरंबाळं हसतात. मी गप्प बसून सतरंजीचं टोक धरतो.

जेवायला बसण्याआधी चर शिंपायचा. दादा पितळेच्या तांब्यात आंबील घेतात, त्यात उंड्याचा आणि भज्जीचा थोडा चुरा घालतात, आणि लिंबाचा डहाळा बुडवून ज्वारीच्या कडेनं चालायला लागतात. मागं चुलते, त्यांच्यामागं पोरं. डहाळा झटकला की पांढुरके थेंब पानांवर पडतात, आणि सगळे एका सुरात ओरडतात, "ओलगे, ओलगे!" पुढचे शब्दही त्याच घाटाचे, कानडीतून आलेले. अर्थ दादांना येत नाही, चुलत्यांना येत नाही, आणि दोघांनाही त्याची अडचण वाटत नाही. पलीकडच्या रानातून तीच आरोळी येते, त्याच्या पलीकडून आणखी एक. एका घटकेत सगळं शिवार ओरडायला लागतं. ज्वारी झाली की हरभरा, हरभरा झाला की गहू. विहिरीवर शिंपतात, बोअरवेलच्या पाइपावर शिंपतात. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरही चार थेंब जातात, ते मात्र पोराच्या आग्रहावरून.

बायका यात नाहीत. त्या पानं मांडताहेत. इथं एक गोष्ट बोलून टाकतो. या सणाचं सगळं ओझं बायकांच्या मनगटावर आहे. काकूंच्या दोन्ही सुना पहाटे दोनपासून चुलीपुढं होत्या आणि त्याआधी चार दिवस भाज्या निवडत, शेंगा सोलत होत्या. पूजा पुरुषांनी करायची, चर पुरुषांनी शिंपायचा, आणि पहिल्या पंगतीलाही पुरुषच बसायचे. यंदा दादांच्या मुलीनं भाकरीचं कारण काढून आईला आणि चुलतीला पहिल्याच पंगतीत बसवलंय, आणि वाढायला चुलत्यांना उठवलंय. काकूंनी आधी डोळे मोठे केले, मग स्वतःच पान सरकवून घेतलं.

आता पान. पुण्या-मुंबईच्या वाचकानं भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नये. ही पातळसर भाजी आहे आणि तिच्यात काय नाही ते सांगणं सोपं. हरभऱ्याचे ओले सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, घेवडा, वालाच्या शेंगा, मेथी, पालक, चुका, कांद्याची आणि लसणाची पात, गाजर, शेंगदाणे, बोरं. हे सगळं शिजवून, चिंचेच्या पाण्यात बेसन कालवून त्यात सोडायचं आणि वर लसणाची फोडणी. एकाच घासात आंबट, तुरट, गोड आणि तिखट येतं, आणि मध्येच अख्खं बोर दाताखाली सापडतं. तिच्यासोबत बाजरीचे उंडे. तीळ घालून मळलेल्या पिठाचे वाफवलेले मुटके, बोटांचे ठसे तसेच. मग शेंगदाण्याची पोळी, वांग्याचं भरीत, आंबट भात, गव्हाची खीर. आणि आंबील.

आंबिलाचं गणित काकू स्वतः सांगतात, सुनांना मध्ये बोलू देत नाहीत. "जवारीचं पीठ राती ताकात कालवून ठिवायचं. सकाळी पान्याला आधन आलं की सोडायचं अन् ढवळत ऱ्हायचं. हात थांबला की गुठळी. निवली की मग ताक, ठेचलेला लसूण, मिरची, जिरं, मीठ. आन् बिंदगीतच पायजे. स्टीलच्या पिंपात तिला चव येत न्हाई." शेवटचं विधान पारखायला जागा नाही, पिंप आणायची कुणाची हिंमत झालेली नाही. एवढं मात्र खरं की बेसन, शेंगदाणे आणि उंडे पोटात गेल्यावर या आंबट, गार, लसणाच्या वासाच्या पेयाशिवाय माणूस सतरंजीवरून उठू शकत नाही. मी तीन पेले घेतो. दादा पाच.

रानात येणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा आजचा कायदा. ज्याला शेत नाही त्याला मुद्दाम बोलवायचं. अंबाजोगाईत गवंडीकाम करणारे दादांचे मुसलमान मित्र बायकामुलांसह आलेत. त्यांच्या घरी ईदचा शिरखुर्मा, इथं येळवशीची भज्जी, असा वडिलांच्या काळापासूनचा व्यवहार आहे. शाळेचे शिक्षक येतात, बँकेतला कारकून येतो. तो बिचारा विदर्भातला, यंदाच बदलून आलेला. सकाळपासून चार रानांत जेवून आलाय आणि पाचव्या पानापुढं हात जोडून बसलाय. "थोडं घ्या की," एवढंच सगळे म्हणतात, आणि पळीभर भज्जी पडते.

शेजारच्या चार एकरांत मात्र कोप नाही. तिथल्या घराला कुलूप आहे. नवरा-बायको दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेत, कर्नाटकाच्या हद्दीतल्या कारखान्यावर. बीड जिल्ह्यात हे नवं नाही. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर या डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं दिवाळीच्या आगेमागे अर्धी रिकामी होतात आणि चैत्राकडं भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, हाच तिथला हिशोब. म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला ही माणसं स्वतःच्या रानात कधीच नसतात. मागे राहिलेले म्हातारे आजोबा आमच्या पंगतीत आहेत. जेवण झाल्यावर नात फोन लावून देते. पडद्यावर फडाजवळची पाचटाची कोप दिसते, बाहेर तीन दगडांची चूल, चुलीवर पातेलं.

"भज्जी केली का ग माय?" आजोबा ओरडून विचारतात. फोन लांबचा असला की त्यांना ओरडावंच लागतं.

"केली की आबा. चुका मिळाला न्हाई हितं. चिंचंवरच भागवलं."

"आन् चर?"

"उसालाच शिंपला. दुसऱ्याचा का असंना."

आजोबा मान हलवतात. फोन पुन्हा नातीकडं जातो.

दुपारी बाभळीखाली सगळे आडवे होतात. पोरांनी फांदीला कासरा बांधून झोका केलाय, त्यावरून भांडणं चालू आहेत. मला पडल्या पडल्या आठवत राहतं की पिकाला घरच्या माणसासारखं वागवणारे आपणच एकटे नाही. ओडिशात तूळ संक्रांतीला भात पोटरीत असतं आणि त्या दिवसाला तिथं गर्भणा संक्रांतच म्हणतात. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात कमळाची शेती चालते. तिथले शेतकरी छातीभर चिखलात उतरून कमळाची कांडी हातानं उकरतात, बिया आणि पानंही विकतात. सूचौ शहराच्या परिसरात चांद्र वर्षाच्या सहाव्या महिन्यातली चोवीस तारीख हा कमळाचा वाढदिवस मानायची प्रथा होती. लोक होड्यांमधून तळ्यात जाऊन कमळं बघायचे. तिथं वाढदिवस, इथं डोहाळे. फरक एवढाच की कमळाला पाणी हवं, आणि आमच्या ज्वारीला नको तेव्हा मिळालं.

कारण रब्बीची ज्वारी पावसावर नाही, जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. काळी माती पाऊस धरून ठेवते, आणि मग थंडी आणि दवावर ज्वारी फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण अजूनही या भागात आवडीनं पेरतात. भाकरीची चव आणि कडब्याची गोडी, दोन्ही त्यात आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोतीसारखे वाण आणले. वाणाची अडचण नाहीच. अडचण दादा सांगतात ती.

"सोयाबीनला मळणी यंत्र येतंय, हरभऱ्याला बी येतंय. जवारी हातानं उपटावी लागती. बुडख्यासकट. मग पेंढ्या बांधा, कणसं मोडा, खळं करा. मानसं हायत कुठं? ती बगा तिकडं," म्हणत ते कुलूप लावलेल्या घराकडं हात करतात. "आन् पाखरं. अर्धा एकर पेरली की सगळ्या शिवाराची पाखरं माझ्याच रानात. सगळ्यांनी पेरली तर वाटून तरी खातेत."

पाखरांचा हा मुद्दा मला कुठल्या अहवालात वाचल्याचं आठवत नाही, आणि तो अगदी खरा आहे. पीक जितकं कमी, तितका उरलेल्याला उपद्रव जास्त, आणि त्या उपद्रवापायी तो उरलेलाही पेरणं सोडतो. २०२३ साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं. ज्वारी उपटायला माणूस कुठून आणायचा, हे त्या वर्षात कुणी सांगितलं नाही. मग अर्धा एकर तरी कशाला पेरता, असं विचारल्यावर दादा काकूंकडं बघतात. काकू डोळे मिटून पडल्यात, पण जाग्या आहेत.

"येळवशीला काय इकतचा कडबा आनायचा?" त्या डोळे न उघडता म्हणतात. यंदा तो मागून आणावा लागलाय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

उन्हं कलतात तसं कोपीपुढं दोन गोवऱ्या पेटवून त्यावर दुधाचं मातीचं बोळकं ठेवतात. दूध उतू जाऊ द्यायचं. ज्या अंगाला जाईल त्या अंगाचं पीकपाणी चांगलं. सगळे वाकून बघतात. दूध आधी फुगतं, कडेला थबकतं, आणि पूर्वेला सांडतं. पूर्वेच्या बांधाचे चुलते लगेच मिशीवरून हात फिरवतात.

"गेल्या साली कुणीकडं गेलं होतं?" मी विचारतो.

"चारी बाजूंनी," ऊसतोडीवाल्यांचे आजोबा म्हणतात. "तवाच वळखायला पायजे होतं."

हसता हसता काकूंना खोकला येतो.

दिवस बुडायला हेंडगा. वाळल्या गवताचा आणि पाचटाचा जाडजूड बिंडा पेटवून पोरगा पिकाभोवती पळत सुटतो. मागं धूर, धुरामागं बाकीची पोरं. काकू बांधावरून ओरडताहेत, "हरभऱ्यातून नगं! कडंनं पळ!" हरभरा तुडवला जातोच. शिवारभर असे जाळ पळताना दिसतात, काही गावाकडं, मारुतीच्या देवळाच्या दिशेनं निघालेत. पांढरी गाडी रस्त्यावर सुरू होते. तिच्या डिकीत हरभऱ्याचा डहाळा, बोरांची पिशवी आणि तोंड बांधलेली आंबिलाची बाटली जातेय. प्लास्टिकच्या बाटलीवर काकूंचं मत मी विचारत नाही.

भांडी ट्रॉलीत चढतात. कोप तशीच राहते. चार दिवसांनी तिचा कडबा बैलांपुढं जाईल. निघताना दादांनी पुढच्या वर्षीचं आमंत्रण आत्ताच दिलंय, पण पंचांग काढून बघितलं तर पुढच्या वर्षी येळवस नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं मार्गशीर्ष अमावास्या ढकलली जाऊन गुरुवारी, ७ जानेवारी २०२७ रोजी येते. ऑक्टोबरच्या मध्यावर पेरलेली ज्वारी तोवर पोटरी ओलांडून निसवलेली असेल. ज्यांचं या पट्ट्यात रान आहे त्यांनी हरभऱ्याच्या कडेला चार तासं तरी ज्वारीची धरावीत, आणि शेजाऱ्यालाही धरायला सांगावं. पाखरं वाटली जातील.